नाखव्याची टाकी

माझं सगळं चांगलं काम झाकणाखाली आहे. रंगाऱ्याचं काम गावभर मिरवतं, सुताराचं काम लोकांच्या दिवाणखान्यात बसतं. माझं काम बघायचं तर टाकीचं झाकण काढून, एक डोळा मिटून, आत टॉर्च मारावा लागतो. टॉर्चऐवजी कुणी काडी ओढली तर काम आणि बघणारा दोन्ही जातील. त्यामुळे आमच्या धंद्यात कौतुक फारसं कुणी केलं नाही, आणि आम्हीही कधी मागितलं नाही. पण आता दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तेव्हा एकदा झाकण उघडून दाखवायला हरकत नाही.

मी मोटारसायकलच्या टाक्यांना आतून अस्तर लावत असे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्याला आमचं बैठं घर होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार आणि मध्ये पडदा. त्याआधी मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात प्लेटिंग खात्यात होतो. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझ्या हातात एवढीच विद्या उरली होती, की लोखंडावरचा गंज कसा उतरवायचा. गावी सांगलीकडे परत गेलो असतो तर उपाशी मेलो असतो. पण नवी मुंबईत गंजाला काय तोटा? वाऱ्यातच मीठ. नव्या सोसायट्यांच्या खिडक्यांचे गज रंग वाळायच्या आत तांबूस व्हायचे. हे बघून लोक हळहळायचे आणि मला धीर यायचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. टाकीला बाहेरून रंग असतो, आतून पत्रा उघडा असतो. हवेतली ओल आत शिरते, गंज धरतो, त्याचा चुरा पेट्रोलबरोबर खाली उतरतो आणि गाडी चढावर आचके द्यायला लागते. मालक कार्बोरेटर साफ करून घेतो, पुन्हा आठवड्यानं तेच रडगाणं. शेवटी टाकी पाझरायला लागते तेव्हा कुणीतरी त्याला माझा पत्ता देतं. मी टाकीत डिझेल आणि सायकलची जुनी चेन घालून ती हलवायचो, म्हणजे सुटा गंज पडतो. मग पाणी मिसळलेलं अ‍ॅसिड. मग सोड्याचं पाणी, साधं पाणी, स्पिरिट, आणि लगेच वाळवणं, कारण धुतलेला उघडा पत्रा आपला चहा पिऊन होईपर्यंत पुन्हा तांबूस होतो. शेवटी दोन डब्यांतलं रसायन कालवून आत ओतायचं आणि टाकी सगळ्या अंगांनी सावकाश फिरवत राहायची. ते मधासारखं आतून पसरतं आणि वाळलं की कडक साल धरतं. झालं अस्तर.

एवढं कुणालाही जमेल. जमत नाही ते बाहेरच्या रंगाला सांभाळणं. अ‍ॅसिडचा थेंब, स्पिरिटचा ओघळ, ओततानाचा एक शिंतोडा, की रंग गेलाच. माझ्या पाटीवर ‘रंगाला धक्का लागणार नाही’ असं लिहिलेलं होतं आणि पोटापाण्याला तेवढी एक ओळ पुरली. युक्ती साधीच होती. दुधाच्या पिशव्या धुऊन, उभ्या फाडून त्यांचं पांघरूण टाकीला घालायचो, दोऱ्यानं बांधायचो, आणि टाकीच्या तोंडाभोवती घट्ट कणकेचं आळं करायचो. कणकेत खायचा सोडा. थेंब सांडला तर आळ्यात पडतो आणि तिथेच थंड होतो. माझी बायको सुमन शेजारणींना सांगायची, “लोकांकडे कणीक पोळीला लागते, आमच्याकडे टाकीला.” पण मळून द्यायची तीच. माझी कणीक सैल होते असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. वाशीच्या एका तरुणाच्या आईनं त्याच्या टाकीत चिंचेचं पाणी ओतून ठेवलं होतं. देवाची भांडी चिंचेनं लख्ख होतात, मग टाकीनं काय घोडं मारलंय? आतून टाकी खरंच लख्ख झाली होती. पण बाईंनी चिंच गाळली नव्हती. मी तारेनं एकेक चिंचोका काढत होतो आणि त्या समोर बसून विचारत होत्या, “पण स्वच्छ झालीय की नाही?” मी म्हटलं, “झालीय.” त्या मुलाकडे बघून म्हणाल्या, “बघ.” पुढे दर पावसाळ्यानंतर गंज उतरवायला मी थोडी चिंच वापरावी का, असा विचार माझ्याही डोक्यात आला होता, पण सुमननं स्वयंपाकघरातली आणखी एक वस्तू द्यायला साफ नकार दिला.

हसुराम नाखवा आला तो मात्र भर श्रावणात. उलव्याकडच्या खाडीकाठच्या गावातला होडीवाला. पाऊस कोसळत होता. तो गोधडीत गुंडाळलेली टाकी पोटाशी धरून दारात उभा राहिला, आणि मागे त्याची बायको छत्री घेऊन. छत्री टाकीवर धरलेली, दोघं निथळत होती.

“मेस्तरी तुमीच काय?” त्यानं विचारलं.

“मीच. पण नाखवा, पावसात मी अस्तर लावत नाही. हवेत ओल असली की रसायन पांढरं पडतं आणि नीट धरत नाही. दिवाळीनंतर या.”

“नारली पुनवेला लागते,” तो म्हणाला आणि त्यानं गोधडी उलगडली.

टाकी निळी होती. मोटारसायकलचा निळा नव्हे, होडीचा निळा. कडेनं पिवळी आणि लाल रेघ, आणि दोन्ही अंगांवर पांढऱ्या, लाल सावलीच्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘पार्वती’. मी बोट फिरवून बघितलं आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. साधा ऑइलपेंट. कारखान्यातून भट्टीत भाजून आलेला रंग थोडंफार सोसतो. हा रंग पेट्रोलचा ओला हात लागला तरी निघाला असता.

“पेट्रोल भरताना हा माना पदर धरायला लावतंय भवताली,” बाई म्हणाल्या. “नाव माजाच हाय. पन ह्याला वाटतंय ती पार्वती दुसरीच कोन.”

सुमननं त्यांना आत बोलावलं, कोरडं लुगडं दिलं, आणि चहा होईपर्यंत सगळी हकीकत कळली. लग्नाच्या साली नाखव्यानं होडी बांधली आणि बायकोचं नाव दिलं. नारळी पौर्णिमेला त्यांच्या बंदरावरून नारळ घेऊन पहिली होडी सुटायची ती ‘पार्वती’. मग शहर आलं, भराव पडले, खाडीचं तोंड गाळानं भरलं. मासळी गेली आणि होडी चिखलात बसून कुजली. फळ्या मोडायच्या आधी नाखव्यानं गोमा पेंटरला बोलावलं. दर वर्षी होडी रंगवणारा तोच. त्यानं होडीवरचं नाव जसंच्या तसं या टाकीवर उतरवलं. ते त्याचं शेवटचं काम, कारण नंतर काचबिंदूनं त्याची नजर गेली. तेव्हापासून पुनवेचा नारळ टाकीवर बांधून नाखवा मोटारसायकलनं बंदरावर जायचा. पहिल्या वर्षी गाव हसलं, दुसऱ्या वर्षी गाडीची वाट बघायला लागलं. यंदा पुनवेसाठी पेट्रोल भरलं तर टाकी पाझरत होती आणि गॅरेजवाला म्हणत होता, नवीन टाकी बसवा, संध्याकाळी गाडी न्या.

“टाकी नवी भेटंल,” नाखवा म्हणाला. “नाव लिवनारा कोन हाय आता? तुमी काय बी करा मेस्तरी, नाव जाता नये.”

मी म्हटलं, बघतो. खरं तर तेव्हाच कबूल झालो होतो, पण कारागिरानं लगेच हो म्हटलं की गिऱ्हाइकाला धास्ती वाटते.

टॉर्च मारून आत बघितलं आणि चक्रावलो. नेहमी टाकीचा तळ गंजतो, कारण पाणी तळाला बसतं. ही टाकी छतापर्यंत एकसारखी गंजली होती. मी विचारलं, “पावसात गाडी कशी ठेवता?”

नाखव्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, कोणीतरी शेवटी नीट प्रश्न विचारला. “येकदम येवस्थित. जेठ लागला का सगला पेट्रोल काढतंव. येक थेंब ठेवीत नाय. आतून फडका मारतंव, तोंड उघरा ठेवतंव, वर ताडपत्री. पुनवेपर्यंत हात नाय लावीत.”

होडी तो अशीच ठेवत आला होता, त्याचा बापही. पावसाळ्यात होडी वर ओढायची, आतलं पाणी उपसून कोरडी करायची, वारा खेळता ठेवायचा, वरून झाकायचं. लाकडाला तेच लागतं. नाखव्यानं जिवापाड काळजी घेऊन दर पावसाळ्यात त्या टाकीत खाडीची ओली हवा भरून ठेवली होती. निष्काळजी माणसाची टाकी इतकी गंजत नाही. मला हसू येत होतं आणि त्याच्याकडे बघून हसवतही नव्हतं.

आम्ही त्याच दिवशी सुरुवात केली. टाकी सोडून तो घरी जायला तयारच नव्हता. चेन घालून हलवली, अ‍ॅसिड भरलं. कणकेचं आळं सुमननं स्वतः लावलं, माझ्यावर विश्वास नाही म्हणून. नंतर सोड्यानं धुतली, साधं पाणी भरलं आणि टाकी उजेडात धरली, तेव्हा डाव्या अंगाला, खालच्या कोपऱ्यात, ‘पार्वती’मधल्या ‘ती’च्या पायाशी रंगाला मोहरीएवढा फोड आलेला दिसला. बघता बघता तो फुगला.

कारण उघड होतं. गाडी स्टँडवर डावीकडे झुकून उभी राहते, असेल नसेल ती ओल त्या कोपऱ्यात उतरते. तिथला पत्रा कधीच संपला होता. भोक गंजानंच बुजलं होतं. मी गंज काढला आणि भोक उघडं पडलं. आता पाण्याला अडवत होता तो फक्त गोमा पेंटरचा रंग.

बाहेरून डाग द्यावा तर रंग जळतो. लांबी म्हणजे पुट्टी भरावी तर आधी रंग खरवडावा लागतो. मी पाणी ओतून दिलं, स्पिरिट फिरवलं, सुमनचा केस वाळवायचा ड्रायर तोंडाला लावला आणि नाखव्याला सांगितलं, जसं आहे तसं.

त्यानं वाकून फोड नीट बघितला. मग म्हणाला, “होरीला भोक परला तर आमी भायेरून नाय बुजवीत. आतून कापूस नि राल ठोकतंव.”

मीही त्याच विचारात होतो. टाकी डाव्या कुशीवर कलती धरायची, थोडं रसायन घालून त्या कोपऱ्यात डबकं करायचं आणि ते तिथेच घट्ट होऊ द्यायचं. भोकातून ते बाहेर येणार आणि सुटलेला रंग आतल्या बाजूनं पत्र्याला चिकटणार. फक्त तोवर बाहेरून त्या फोडावर दाब हवा. जास्त झाला तर रंगाची साल फाटेल, कमी झाला तर रसायन रंगाला ढकलून गाठ करेल. आणि तो हात रसायन आळेपर्यंत हलता कामा नये. अ‍ॅसिडमध्ये वर्षं काढलेला माझा हात तेव्हा थरथरू लागला होता. नेहमीच्या कामाला तो चालायचा, या कामाला चालला नसता.

“मी धरतंव,” नाखवा म्हणाला.

“बराच वेळ लागेल. हालायचं नाही.”

“डोल जाला लावून भरतीची वाट बघनारा मानूस मी. माना बसायचा शिकवताव काय?”

आंघोळीचा साबण फोडाभोवती हलकेच चोळला, त्यावर बटर पेपरचा तुकडा, आणि त्यावर नाखव्याचा अंगठा. टाकी त्याच्या मांडीवर कलती. मी नळीनं रसायन कोपऱ्यात सोडलं. बाहेर पाऊस चालूच होता. मी दारं लावून घेतली आणि टाकीजवळ मोठा बल्ब पेटवून ठेवला, तेवढीच कोरडी ऊब.

तो बसला तो बसलाच. मांडीला मुंग्या आल्या असतील, पण मांडी हलली नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा पार्वतीबाईंनी फडक्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली आणि त्याला घास भरवायला बसल्या.

“लग्नान भरवला व्हता, त्याच्यानंतर आज,” त्या सुमनला म्हणाल्या. “नि बघ, मी भरवतंय नि बोट कोनावर, तर तिच्यावर.”

सुमन हसता हसता आत गेली. नाखवा चावत होता, पण अंगठा इंचभरही सरकला नाही.

वेळ होता म्हणून मी ती गोष्ट काढली. म्हटलं, “नाखवा, एक ऐका. अस्तर लावलं तरी कुठे तरी पातळ राहतंच. पुढल्या पावसात टाकी रिकामी ठेवू नका. भरून ठेवा.”

“भरून?”

“पेट्रोलनं भरून. गळ्याशी बोटभर जागा सोडा, नाहीतर उन्हानं फुगून बाहेर येईल आणि नाव पुसेल. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. हवा नाही तर ओल नाही, ओल नाही तर गंज नाही.”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला होडी उलटी घालून वल्हवायला सांगत होतो. “मेस्तरी, पावसात भरलेली वस्तू आमी ठेवीत नाय,” तो शांतपणे म्हणाला. मीही वाद घातला नाही. माणसाचं वय झालं की त्याच्या हाताला काय पटतं तेच खरं, हे मला स्वतःवरून माहीत होतं.

डबक्यात काडी टोचून बघितली, आत गेली नाही, तेव्हा मी त्याचा अंगठा उचलला. कागद सोलला. फोड बसला होता. ‘ती’च्या पायाशी राईएवढा खडबडीत ठिपका राहिला होता, माहीत असेल तरच दिसणारा. नाखव्यानं त्यावर बोट ठेवलं, टाकी डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि मग कितीतरी वेळानं पाय लांब केले.

उरलेलं अस्तर मी त्याच दिवशी फिरवून घेतलं. वाळवायला कोरडी जागा एकच होती, सुमनचं लोखंडी कपाट. तिच्या साड्या बाहेर काढल्या, आत बल्ब लटकवला, टाकी ठेवली आणि दार लोटून घेतलं. अस्तर कपाटात उत्तम वाळलं. साड्यांना मात्र पुढे वर्षभर रसायनाचा वास यायचा, आणि कुठल्या लग्नाला गेलो की सुमन लोकांपासून जरा लांब उभी राहायची.

पुनवेला नाखव्यानं आम्हा दोघांना गावी बोलावलं. बंदरावर ही गर्दी. टाकीला झेंडूची माळ, वर नारळ बांधलेला. गोमा पेंटरला कुणीतरी हाताला धरून गाडीपाशी आणलं. म्हाताऱ्यानं नारळाला हात लावला नाही. तो सरळ अक्षरांवर बोटं फिरवत निघाला, प पासून. माझा जीव टांगणीला लागला. ‘ती’च्या पायाशी बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा थांबलं.

“हितं काय झायला?” त्यानं विचारलं.

मी पुढे होऊन म्हणालो, “दादा, तिथे भोक होतं. आतून बुजवलंय.”

“रंग माजाच हाय ना?”

“तुमचाच आहे. वरून काही लावलं नाही.”

त्यानं तो ठिपका अंगठ्यानं दोनदा चाचपला. “रहूंदे,” म्हणाला. “होरीला बी खिले दिसायचे.”

नारळ खाडीत गेला, लोक पांगले, आम्ही गोड भात खाऊन परत आलो. येताना वाटेत सुमन म्हणाली, “पावसात तो टाकी भरून ठेवणार नाही, बघा तुम्ही.” मलाही तसंच वाटत होतं. मनातून वाईट वाटत होतं, कारण मला त्या कोपऱ्याची खात्री नव्हती. दोन-तीन पावसाळे ओली हवा आत कोंडली की पत्रा अस्तराच्या मागून कुजला असता, आणि मग माझ्या हातात काही उरलं नसतं.

पुढच्या वर्षी पुनवेला पुन्हा बोलावणं आलं. आम्ही सकाळीच गेलो. अंगणात गाडी ताडपत्रीखाली तशीच होती. नाखव्यानं ती सोडली नव्हती, माझी वाट बघत होता. ताडपत्री काढली, नाव जागच्या जागी. तो बाजूला झाला आणि म्हणाला, “तुमीच उघरा.”

मी झाकण फिरवलं आणि टॉर्च मारला. पेट्रोल गळ्याशी उभं होतं. वर बरोबर एक बोट जागा सोडलेली, आणि तेवढ्या बोटभर पट्टीत माझं अस्तर चकाकत होतं. गंजाचा कणही नाही. मी पुन्हा बघितलं, उगीचच, बघायला बरं वाटत होतं म्हणून.

“सगला पावसाला झोपला नाय तो,” पार्वतीबाई ओटीवरून म्हणाल्या. “उठून उठून ताडपत्री उचकून बघायचा.”

मी नाखव्याकडे बघितलं. तो जरा ओशाळला.

“डोला मिटला का होरी दिसायची मेस्तरी,” तो म्हणाला. “पान्यानं भरलेली.”

“मग ओतून का नाही टाकलंत?”

“तुमी बोललेव ना, भरून ठेव.”

मी झाकण घट्ट बसवलं, फडक्यानं तोंडाभोवतीची कड पुसली, आणि पार्वतीबाई नारळ घेऊन खाली आल्या तेव्हा तो टाकीवर बांधायला त्यांना हातभार लावला.